थायरॉइडची साधी गाठ, ऑपरेशन न करता काही होतं का? (सोलापूर-पुणे-हैदराबाद कुठंही चालेल)

होटगीरोडवाली

नमस्कार, जरा मोठं झालंय, सांभाळून घ्या. वय ४१, शाळेत शिकवते म्हणजे दिवसभर घशावरच पोट चालतं. दिवाळीच्या फोटोत गळ्याला उजवीकडं फुगल्यासारखं दिसलं, नणंद म्हणाली वहिनी हे काय, मग आरशासमोर पाणी पिऊन बघितलं तर ते घोटाबरोबर वर-खाली होतंय. सोनोग्राफीत उजव्या बाजूला ३.४ × २.६ × २.२ सेंमीची गाठ निघाली, बरीचशी भरीव, मध्ये थोडं पाणी, टायरॅड्स ३ (सोनोग्राफीवरून कॅन्सरच्या संशयाची १ ते ५ अशी पायरी) लिहिलंय. टीएसएच (थायरॉइडचं काम कसं चाललंय ती रक्ताची तपासणी) नॉर्मल. सुई टाकून तपासणी झाली त्यात बेथेस्डा २ आलं, म्हणजे साधी गाठ, कॅन्सर नाही असं सांगितलं. तिथं जीव भांड्यात पडला.

आता पुढचं. ज्या सर्जनना दाखवलं ते म्हणाले अर्धी थायरॉइड काढून टाकू, दोन-तीन दिवसांत घरी. मी विचारलं दुसरं काही नाही का, तर म्हणाले गोळ्यांनी जात नसते ही. बास, तेवढंच. घरात प्रत्येकाचं वेगळंच चाललंय. सासूबाई म्हणतात कांचनार गुग्गुळ घे, त्यांच्या माहेरी कुणाचं तरी गलगंड त्यानं गेलं. मिस्टरांचे मित्र म्हणतात थायरॉइडची गोळी चालू करा, गाठ विरघळते. चुलत बहीण हैदराबादला असते ती म्हणते आता सुईनं आतल्या आत जाळतात, आरएफए म्हणतात, टाका नाही काही नाही, संध्याकाळी घरी. नेटवर वाचलं तर जिकडं तिकडं जाहिरातीच.

त्रास म्हणाल तर गिळताना अडकल्यासारखं होतं, उजव्या कुशीवर झोपलं की दाब येतो, आणि साडीवर गळ्यातलं घातलं की सगळ्यांची नजर तिथंच जाते. श्वासाला काही नाही. आवाज अजून तरी ठीक आहे पण ऑपरेशननं आवाजाची नस दुखावली तर माझी नोकरीच गेली ना. कुणी केलंय का असं काही? खरं खरं सांगा.

कट्ट्यावरचा

ताई घाबरू नका एवढं. आमच्या बिल्डिंगमध्येच तीन बायकांना थायरॉइडच्या गाठी आहेत, तिघी मजेत आहेत, एकीनं पण काही केलेलं नाही. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसून आल्या परवा 😄

फिल्मवाला

मी रेडिओलॉजीत आहे, गाठी बघणं हेच रोजचं काम. तुमचा रिपोर्ट मी बघितलेला नाही, तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरच बोलतोय.

कोणता उपाय हा प्रश्न नंतर, आधी उपाय लागतोच का ते बघायचं. सोनोग्राफीचं मशीन स्वस्त झाल्यापासून गाठी सापडायचं प्रमाण प्रचंड वाढलंय, पन्नाशीच्या पुढच्या बाईच्या गळ्यावर प्रोब ठेवला की बऱ्याचदा काही ना काही दिसतं. इटलीत साध्या गाठीवाल्या ९९२ लोकांवर ५ वर्षं नुसती नजर ठेवली होती, २०१५ मध्ये जामा मासिकात छापून आलं ते. गाठ वाढली १५ टक्के लोकांत, आपोआप लहान झाली १८ टक्क्यांहून जास्त लोकांत, बाकीच्यांची जिथल्या तिथं. आणि पहिल्यापासून असलेल्या गाठींमध्ये पुढं कॅन्सर निघाला तो ०.३ टक्के. म्हणून बेथेस्डा २, टीएसएच नॉर्मल आणि त्रास शून्य असा पेशंट आला की मी सांगतो, वर्षा-दोन वर्षांनी सोनोग्राफी करा आणि कामाला लागा.

हे आकडे सासूबाईंना पण सांगा. पाचातल्या जवळजवळ एकाची गाठ काही न घेता बारीक होते, त्या काळात जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळतं, मग ते गुग्गुळ असो नाहीतर साबुदाण्यासारख्या गोड गोळ्या. गुग्गुळानं ३ सेंमीची भरीव गाठ गेली असा धड पुरावा माझ्या तरी बघण्यात नाही.

थायरॉक्सिनच्या, म्हणजे त्या थायरॉइडच्या गोळीचं मात्र कडक सांगतो, तुमचं टीएसएच नॉर्मल असताना गाठ बारीक करायला म्हणून ती घेऊ नका. पूर्वी द्यायचे, आमचे सर पण द्यायचे. गाठ थोडीफार दबावी म्हणून टीएसएच मुद्दाम खाली ढकलायचं, म्हणजे शरीराला जास्तीच्या थायरॉइडमध्ये ठेवायचं, त्यात हृदयाचे ठोके बिघडतात, पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात, आणि गोळी बंद केली की गाठ परत पहिल्यासारखी. अमेरिकन थायरॉइड असोसिएशननं २०१५ च्या गाइडलाइनमध्ये हे नको म्हणूनच लिहिलंय.

राहिलं तुमचं. तुम्हाला त्रास आहे, दिसायलाही दिसतंय, म्हणजे नुसतं बघत बसा असंही मी म्हणणार नाही. गाठ भरीव आहे, साधी आहे, तर आरएफए हा खरा पर्याय आहे, जाहिरातबाजी नाही. दक्षिण कोरियातून २००६ च्या सुमारास याचे पहिले रिपोर्ट आले, त्यांच्या रेडिओलॉजिस्टांनी २०१२ ला गाइडलाइन काढली, अमेरिकेत २०१८ ला मंजुरी मिळाली. आपल्याकडं मोठ्या शहरांत होतंय.

पण एका सुई-तपासणीवर करून घेऊ नका. गाठ आत राहणार असते, ऑपरेशनसारखी अख्खी गाठ पॅथॉलॉजीला जात नाही, त्यामुळं जाळायच्या आधी दोन वेगवेगळ्या वेळच्या तपासण्या साध्या आलेल्या असाव्यात असा नियम आहे. सोनोग्राफीत गाठ स्पंजासारखी अगदी खात्रीची साधी दिसत असेल तर एक चालते. तुमच्या रिपोर्टात तसं काही लिहिलंय असं वाटत नाही. कुणी पहिल्याच भेटीत तारीख देत असेल तर तिथून उठा.

शेंगाचटणी

मी केलंय. पुण्यात. माणूस आहे बरं का, पुरुषांना पण होतं हे, लोक मला विचारायचे बायकांचा आजार तुला कसा 🤦

माझी ३.१ सेंमीची होती डाव्या बाजूला. सोलापुरातच दोघांना दाखवलं, एक म्हणाले काढा, एक म्हणाले राहू द्या, मी म्हटलं काय बे हे, आता मी कुणाचं ऐकू. शेवटी पुण्यात एका एंडोक्राइनवाल्या (हार्मोनच्या डॉक्टर) मॅडमकडं गेलो, त्यांनी परत सोनोग्राफी, परत सुई, कान-नाक-घसावाल्याकडून आवाजाच्या पट्ट्या बघून घेतल्या, रक्त गोठायच्या तपासण्या, आणि मी बीपीबरोबर रक्त पातळ व्हायची गोळी घ्यायचो ती हार्टच्या डॉक्टरला विचारून काही दिवस बंद ठेवली. ती स्वतःच्या मनानं बंद करू नका कुणी.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. टेबलवर मान मागं टाकून झोपवतात, दोन्ही मांड्यांना चिकटपट्टीसारखे पॅड लावतात, करंट बाहेर जायला म्हणे. गळ्याला भुलीचं इंजेक्शन, ते चुणचुणतं. पूर्ण भूल नाही, तुम्ही जागे. मग गळ्याच्या मधोमध भागातून सुई आत घालतात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत थोडं थोडं जाळतात. फरशी पुसताना आपण आतल्या कोपऱ्यापासून दाराकडं मागं सरकतो ना, तसं खालच्या टोकापासून सुरू करून सुई मागं ओढत येतात. मध्येच पट पट असा आवाज डोक्यात ऐकू येतो, त्याला घाबरू नका. मला कानात आणि दातात कळ गेली, हात वर केला की ते थांबायचे. आणि सारखं बोलायला लावतात, नाव सांगा, गाव सांगा, मी सोलापूर म्हटलं तर डॉक्टर म्हणे चादर आणा पुढच्या वेळी. नंतर कळलं ते गप्पा मारत नव्हते, आवाजाच्या नसेला उष्णता लागली तर आवाज लगेच बदलतो, तो ऐकत होते.

तासाभरात मोकळा. बर्फ लावून बसवलं, संध्याकाळी सोडलं. आठवडाभर गळा दुखला, निळं-जांभळं झालं, कडक भाकरी गिळवत नव्हती. बास.

आता नाराजीचं. काही महिन्यांनी सोनोग्राफी केली तर ३.१ चं २.३ झालेलं. मी हिरमुसलो, एवढे पैसे घालून एवढंच? मॅडमनी कागदावर हिशोब करून दाखवला. गाठ गोल असते, सेंमी म्हणजे नुसती एक बाजू, तिन्ही बाजूंनी तेवढीच बारीक झाली की आतला माल साठेक टक्क्यांनी कमी झालेला असतो. तेव्हा पटलं. वर्षानं अजून कमी झाली, बाहेरून आता दिसत नाही. पण गेली नाहीये, आहे आत. जादूसारखी गायब होईल या हिशोबानं जाऊ नका.

पूर्व_भाग

अक्का, माझं जरा उलटं मत. आमच्या घरी अत्तम्माचं ऑपरेशन झालं सोलापुरातच, अर्धी थायरॉइड काढली. गाठ ५ सेंमीच्या वर होती आणि छातीच्या हाडामागं उतरलेली. हैदराबादला आमचे नातेवाईक ढीगभर, तिथंपण दाखवलं आरएफएसाठी, त्यांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं, हाडामागचं सोनोग्राफीत दिसत नाही, न दिसणाऱ्या जागी सुई कशी चालवणार. मग इथंच ऑपरेशन. आवाज एकदम नीट आहे, फोनवर अख्ख्या गल्लीला ऐकू येतो. टाक्याची रेघ गळ्याच्या वळीत लपली. आणि काढलेली गाठ अख्खी तपासून आली, साधी निघाली, विषय संपला, दरवर्षी सोनोग्राफीच्या रांगेत बसणं नाही.

फक्त एक, अर्धी ठेवलेली थायरॉइड पुरली नाही, आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी. तेवढं सोडलं तर ऑपरेशनला उगाच बदनाम करू नका. सगळ्यांना पुण्या-हैदराबादला जायला जमतं असं नाही, विडी वळणाऱ्या बाईनं काय करायचं? सरकारी योजनेत ऑपरेशन बसतं का ते आधी आरोग्यमित्राला (हॉस्पिटलात योजनेची माहिती देणारा माणूस) विचारायचं, सुईचं जाळणं बसेल या भरवशावर राहायचं नाही.

फिल्मवाला

बरोबर बोललात. अर्धी काढल्यावर साधारण चार-पाचातल्या एकाला गोळी लागते, अत्तम्मा त्यात आल्या. आरएफएमध्ये बाकीची थायरॉइड शाबूत राहते म्हणून गोळीची वेळ सहसा येत नाही, हा तिचा खरा फायदा. पण हाडामागं गेलेली गाठ, सोनोग्राफीत संशय असलेली, बेथेस्डा ३ किंवा ४ आलेली (म्हणजे सुई-तपासणीत नक्की साधी न ठरलेली), यात ती करत नाहीत. गरोदर बाई किंवा पेसमेकरवाला पेशंट असेल तर आधी सांगायचं, मांडीच्या पॅडवाला प्रकार तिथं टाळतात.

आवाजाचं विचारलंय म्हणून आकडे देतो. कोरियातल्या १,४५९ पेशंटचा हिशोब २०१२ ला आला, सगळ्या मिळून गुंतागुंती ३.३ टक्के, त्यातल्या गंभीर १.४ टक्के, आवाज बदलला साधारण १ टक्का लोकांचा, बहुतेकांचा काही महिन्यांत परत आला. पण हे रोज हेच करणाऱ्या हातांचे आकडे आहेत. नस गाठीच्या मागच्या बाजूला, श्वासनळी आणि अन्ननळीच्या मधल्या खोबणीतून जाते, तिथला भाग शहाणा माणूस मुद्दाम सोडून देतो नाहीतर मध्ये ५ टक्के डेक्स्ट्रोजचं पाणी सोडून अंतर करून घेतो. सोडलेल्या कडेतून काही वर्षांनी गाठ परत वाढू शकते, मग दुसऱ्यांदा करावं लागतं, आणि ते मला परवडतं पण नस भाजलेली परवडत नाही. तिथं गेल्यावर विचारा, तुम्ही स्वतः किती केल्या आणि आवाज किती जणांचा गेला. कधीच नाही म्हणणाऱ्यापेक्षा खरा आकडा सांगणारा बरा.

माळकरी_घरातला

आमच्या आईची गाठ पाण्याची होती, म्हणजे जवळपास सगळं पाणीच. पहिल्यांदा सुईनं पाणी काढलं, आठ-पंधरा दिवसांत परत भरली, परत काढलं, परत भरली. मग डॉक्टर म्हणाले पाणी काढून त्याच जागी अल्कोहोल सोडू, आतलं अस्तर सुकतं म्हणजे पाणी धरत नाही. आई पंढरीची वारी करणारी, गळ्यात तुळशीची माळ. म्हणाली ज्या गळ्यात माळ त्याच गळ्यात दारू? 😂 दोन दिवस घरात हाच विषय. शेवटी आमच्या महाराजांना विचारलं, ते म्हणाले माऊली, औषध आहे ते, जीभ तर लागत नाही ना, घ्या. सुई आत गेल्यावर जळजळलं चांगलंच, पण एकदाच केलं आणि नंतर भरली नाही. खर्च पण फार कमी. माझं म्हणणं एवढंच की तुमच्या गाठीत पाणी किती ते नीट विचारा, पाण्याच्या गाठीला एवढ्या महागड्या मशीनची गरज नसते.

फिल्मवाला

माऊलींचं निदान अचूक 🙏 पाण्याच्या गाठीला पहिला उपाय अल्कोहोलच. ताईंची मात्र बरीचशी भरीव आहे, तिथं त्याचा तेवढा उपयोग नाही.

केगावकर

मधेच घुसतो, माझ्या बायकोची पण गाठ आहे २ सेंमीची पण तिचं टीएसएच ०.०५ आलंय, छातीत धडधड होते, वजन उतरायलंय. तिला पण आरएफए चालेल का? डॉक्टरनी स्कॅन सांगितलाय, आयोडीनचं काहीतरी म्हणायलेत, रेडिएशन म्हटल्यावर ती रडायला लागली.

फिल्मवाला

तुमचा विषय वेगळा, स्वतंत्र धागा काढा खरं तर. टीएसएच एवढं खाली म्हणजे गाठ स्वतःच हार्मोन बनवत असण्याची शक्यता, तिला हॉट नोड्यूल म्हणतात. म्हणून आधी स्कॅन. गाठ एकटीच चमकली तर रेडिओआयोडीन हा जुना आणि चांगला उपाय आहे, तोंडानं घ्यायचं औषध असतं, ते जास्त काम करणाऱ्या पेशींतच जाऊन बसतं. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना मात्र अजिबात नाही, आणि नंतर काही महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. लहान हॉट गाठीला आरएफएपण करतात, पण त्यात अर्धवट जळून चालत नाही, राहिलेला तुकडा हार्मोन सोडतच राहतो. धडधडीसाठी वाट बघू नका, डॉक्टरांना आजच सांगा.

आणि एक विचारतो, वहिनी केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेतात का? काही लॅबच्या पद्धतीत बायोटिनमुळं टीएसएच खोटं कमी दिसतं. निदान दोन दिवस बंद ठेवून परत रक्त द्या. तुमच्या बाबतीत लक्षणं आहेत म्हणजे खरंच कमी असेल, पण खात्री फुकटात होते.

केगावकर

घेते की ओ!! ऑनलाइन मागवलेल्या. बघतो.

होटगीरोडवाली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सर्जनांनी सांगितलं असतं तर रात्रभर नेट चाळावं लागलं नसतं. आत्ता ठरवलंय ते असं की गोळी आणि गुग्गुळ दोन्ही नाही, सासूबाईंना फिल्मवाल्या डॉक्टरांचा मेसेज वाचून दाखवला, त्या म्हणाल्या बरं मग आमच्या माहेरच्या बाईचं आपोआपच गेलं म्हणायचं. रुसल्या जरा. दुसरी सुई इथंच करून घेते, ती पण साधी आली तर मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याला हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन दाखवून येते. घाई नाही ना? सुट्टीपर्यंत थांबलं तर चालेल? आणि शेंगाचटणी दादा, खर्च किती आला आणि मेडिक्लेममध्ये बसलं का तेवढं सांगा.

शेंगाचटणी

लाखाच्या वर गेला सगळा मिळून, पण जागेजागी वेगळा आहे. मेडिक्लेमवाल्यांनी आधी हात वर केले, म्हणे चोवीस तास ॲडमिट नाही. मग डे-केअरच्या नियमात बसवून, डॉक्टरांचं पत्र जोडून, भांडून बराचसा मिळाला. जायच्या आधीच त्यांच्याकडून लेखी घ्या, फोनवरच्या हो-ला अर्थ नाही. आणि मुक्काम ठेवा एक रात्र, हॉस्पिटल सोडतं संध्याकाळी पण गळा दाबून रात्रीच्या गाडीत बसण्यात मजा नाही.

फिल्मवाला

सुट्टीपर्यंत आरामात थांबा. मधल्या काळात गाठ एकदम दोन-तीन दिवसांत फुगून दुखायला लागली तर घाबरू नका, बहुतेक वेळा आत रक्तस्राव झालेला असतो आणि तो आपोआप ओसरतो, पण दाखवून घ्या. आवाज बसला आणि दोन-तीन आठवडे सुटला नाही, किंवा श्वासाला अडलं, तर मात्र सुट्टीची वाट बघायची नाही.

रिपोर्टात तिन्ही मापं आहेत ते चांगलं, तिन्ही गुणून ०.५२ नं गुणलं की तुमची गाठ साधारण १० मिली येते. हा आकडा लिहून ठेवा, पुढची तुलना यावरच. आणि पुण्यात केलंतच तर त्यांचं प्रोसिजरचं पत्र आयुष्यभर जपून ठेवा, फाइलच्या अगदी वर. जळलेली गाठ सोनोग्राफीत काळी, वेडीवाकडी दिसते. उद्या सोलापुरात माझ्यासारख्या कुणीतरी माहिती नसताना बघितली तर टायरॅड्स ५ लिहून मोकळा होईल आणि तुम्ही परत इथं धागा काढाल.

होटगीरोडवाली

😅 लॅमिनेट करते.